सांडपाणी कुणाचे?

मराठी ग्रामीण साहित्यात पाण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. विहीर, आड, मोट, पाट, पाणवठा, ओढा, दुष्काळ या शब्दांवाचून आपली ग्रामीण कथा-कादंबरी उभी राहत नाही. 'बनगरवाडी' (१९५५) दुष्काळापाशी येऊन थांबते, 'झोंबी'तल्या (१९८७) मुलाचे बालपण शेताला पाणी देण्यात जाते, 'बारोमास' (२००२) कोरडवाहू शेतीची घुसमट सांगते. दलित आत्मकथनांनी तर पाण्याची वाटणी म्हणजे माणुसकीची वाटणी हे आपल्याला शिकवले. महाडच्या १९२७च्या सत्याग्रहानंतर 'पाणवठा' हा शब्द निरागस अर्थाने वापरणे मराठी लेखकाला शक्यच राहिले नाही. पण या साऱ्या लेखनाची एक मर्यादा सहसा आपल्या ध्यानात येत नाही. ते सारे पाणी येण्याविषयीचे आहे. वापरून झालेले पाणी घरातून कुठे जाते, कुणाच्या दारावरून जाते आणि कुठे जाऊन साचते, याकडे तुरळक अपवाद वगळता आपल्या ग्रामीण साहित्याने पाहिलेले नाही. गटार मराठी कवितेत शिरले ते 'गोलपिठा'सारख्या (१९७२) महानगरी आणि दलित संवेदनेच्या कवितेतून. गावाला मात्र जणू गटार नव्हतेच.

ही केवळ साहित्याची उणीव असती तर एखाद्या चर्चासत्रात निबंध वाचून तिचे निरसन करता आले असते. परंतु जी दृष्टी आपल्या लेखकांची, तीच आपल्या योजनाकारांची आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली. प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे तिचे उद्दिष्ट. मूळ मुदत २०२४ची होती, ती २०२५च्या अर्थसंकल्पात २०२८पर्यंत वाढवण्यात आली. योजनेच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. डोक्यावर हंडा घेऊन दरड उतरणाऱ्या बाईला नळ म्हणजे काय, हे तिला विचारावे. पण हिशेबाची दुसरी बाजू पाहा. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. पाच माणसांच्या घरात दिवसाला २७५ लिटर पाणी आले, तर २२० लिटर बाहेर जाणार. दोन हजार वस्तीच्या गावातून रोज ८८ हजार लिटर. नळाला पाणी आल्याचा समारंभ होतो, फीत कापली जाते. त्या ८८ हजार लिटरांचे पुढे काय होणार, हा प्रश्न त्या मांडवात क्वचितच विचारला जातो.

टोकावड्याचे उदाहरण घेऊ. मुरबाड तालुक्यातले हे गाव कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. भोवती सह्याद्रीच्या पायथ्याचा डोंगराळ मुलूख, भाताची खाचरे, आणि ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या-पाडे. वार्षिक पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने उतारावरून वाहून गेलेल्या पाण्याची आठवण काढण्याचे. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा (१८९२), मोडकसागर, भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे आहेत आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकर लागतात. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण या भागात वाङ्मयीन अलंकार म्हणून कुणी वापरत नाही. बारवी धरणाच्या पाण्याखाली मुरबाड तालुक्यातल्या गावांची जमीन गेली. काळू नदीवरच्या प्रस्तावित धरणाला इथल्या आदिवासींनी आणि शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि २०१२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम थांबवले. म्हणजे पाण्यासाठीचा झगडा इथे जुना आहे, नोंदलेला आहे. सांडपाण्याचा प्रश्न मात्र नवा आहे आणि तो अजून कुणाच्या तोंडी नाही.

नवा अशासाठी की, तो नळाबरोबर आला. हमरस्त्यावरच्या गावात पक्की घरे वाढतात, चाळी होतात, खाणावळी निघतात, पावसाळी पर्यटकांच्या गाड्या थांबतात, फार्महाउसे उभी राहतात. या सर्वांचे पाणी बाहेर पडते. त्यावर ग्रामपंचायतीला सुचणारा आणि मतदाराला दिसणारा उपाय एकच असतो, तो म्हणजे सिमेंटचे गटार. रस्त्याच्या कडेने उघडी नाली बांधली की विकास झाला. वास्तविक गटार पाणी शुद्ध करीत नाही, ते फक्त पाण्याचा पत्ता बदलते. माझ्या दारातले पाणी तुझ्या दारात आणि तुझ्या दारातले ओढ्यात. उताराने जाणे हा पाण्याचा धर्म आहे हे खरे, पण आपल्या गावांत उतार हा केवळ भूगोलाचा शब्द नाही. गावठाण उंचावर आणि वाडी किंवा पाडा खाली, ही रचना सर्वत्र नसली तरी इतक्या ठिकाणी आहे की तिला योगायोग म्हणवत नाही. पूर्वी वरच्या अंगाच्या पाणवठ्यावर हक्क सांगणारी व्यवस्था होती. आता खालच्या अंगाला सांडपाणी सोडणारी व्यवस्था उभी राहते आहे. पहिलीविरुद्ध सत्याग्रह झाला. दुसरीला मात्र अजून अन्याय म्हणून ओळखण्याइतकाही शब्द आपल्याजवळ नाही.

शब्दाचाच प्रश्न निघाला म्हणून थोडे विषयांतर. 'सांडणे' या क्रियापदाचा आजचा अर्थ हातून निसटून ओतले जाणे. जुन्या मराठीत मात्र सांडणे म्हणजे टाकणे, सोडून देणे, त्याग करणे. संतवाङ्मयात माणसे अहंकार सांडतात, आसक्ती सांडतात. म्हणजे 'सांडपाणी' या शब्दात नुसते निसटलेले पाणी नाही, टाकून दिलेले पाणी आहे. ज्याच्याशी आपला संबंध आपण तोडला आहे असे पाणी. अध्यात्मात सांडलेली गोष्ट पुन्हा घ्यायची नसते. घरातल्या पाण्याला तो नियम लावला की सांडणाऱ्याची जबाबदारी उंबऱ्याशी संपते. आपण नेमके हेच करतो.

एकदा वर्गात पाण्याशी संबंधित बोलीतल्या शब्दांची यादी करायला मी विद्यार्थ्यांना सांगितले होते. पाणी आणण्याच्या आणि साठवण्याच्या शब्दांची रांग लागली. पाणी जाण्याचे शब्द विचारल्यावर मुले थांबली, आणि मग हळूहळू मोरी, न्हाणी, परस, आळे, धुवण, पेज, निचरा असे शब्द येऊ लागले. बहुतेक शब्द आजीकडून आलेले होते. 'धुवण' म्हणजे तांदूळ धुतलेले पाणी, जे गुरांना जाते. 'आळे' म्हणजे झाडाच्या बुंध्याभोवतीचा मातीचा खळगा, ज्यात न्हाणीचे पाणी सोडले जाते. परसात न्हाणीच्या मागे केळ, अळू, कर्दळ असायची ती शोभेसाठी नव्हे. ती त्या घराची सांडपाणी शुद्धीकरण योजनाच होती. मुळांच्या भोवतालचे जिवाणू पाण्यातली घाण खातात, वनस्पती तिच्यातले नत्र आणि स्फुरद शोषून घेतात, उरलेले पाणी मातीत गाळून जिरते. ज्याला अभियांत्रिकीत आज वनस्पतींच्या मुळांद्वारे शुद्धीकरण म्हणतात, त्याचे तत्त्व याहून निराळे नाही. परसदार गेले, तिथे खोली चढली आणि मोरीचे पाणी रस्त्यावर आले. त्याबरोबर 'आळे' हा शब्दही पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत गेला.

तथापि इथे स्मरणरंजनापासून सावध राहिले पाहिजे. परसाची ती व्यवस्था चालत होती कारण पाणी थोडे होते, आणि ते थोडे होते कारण ते बाईच्या डोक्यावरून येत होते. दोन कोसांवरून आणलेला हंडा कुणी मोरीत ओतून देत नाही. त्या पाण्याने आधी भाजी धुतली जाते, मग भांडी, मग ते गुरांना किंवा झाडाला जाते. ही काटकसर ज्ञानाची होती तशीच वेठीचीही होती. शिवाय त्या पाण्यात साबणाचा चुरा आणि डिटर्जंट नव्हते, राख होती. आणखी एक गोष्ट जड मनाने नोंदवायला हवी. जुन्या गावाचे स्वच्छ दिसणारे अंगण हे काही माणसांच्या सक्तीच्या श्रमावर उभे होते. मेलेले जनावर ओढणारा, उकिरडा उपसणारा आणि शहरात मैला वाहणारा माणूस त्या अंगणाच्या चित्रात दिसत नाही. तेव्हा जुने परत आणा, असे कुणी म्हणत असेल तर त्याने आधी कुणाचे आणि कुणाच्या श्रमावर, हे सांगावे. आपल्याला घ्यायचे आहे ते तत्त्व. पाणी जिथे सांडले तिथेच, सांडणाऱ्याने, मातीच्या आणि झाडांच्या मदतीने जिरवावे.

सांडपाण्याचे दोन प्रकार मानले जातात. स्नान, धुणी-भांडी, स्वयंपाक यांचे ते राखाडी पाणी, आणि शौचालयाचे ते काळे पाणी. मराठीत काळे पाणी म्हटले की अंदमान आठवते, परत न येण्याची जागा. शौचालयाच्या पाण्याविषयी आपली कल्पना तशीच आहे. एकदा खड्ड्यात गेले की संपले. महाराष्ट्राचा ग्रामीण भाग २०१८मध्ये हागणदारीमुक्त घोषित झाला. त्या घोषणेत आणि प्रत्यक्षात किती अंतर होते हा वेगळा विषय, पण शौचालये मोठ्या संख्येने बांधली गेली हे नाकारता येणार नाही. यांतली दोन शोषखड्ड्यांची रचना खेड्यासाठी उत्तम आहे. एक खड्डा चार-पाच वर्षांत भरतो, मग दुसरा वापरायचा. पहिला दीड-दोन वर्षे बंद ठेवला की आतल्या मैल्याचे निर्धोक खत होते. ते काढायला कुणालाही घाणीत उतरावे लागत नाही. पण बांधताना पुष्कळांना एक मोठी टाकी हवी असते, कारण मोठी टाकी लवकर भरत नाही. त्या टाकीतून बाहेर येणारे पाणी अर्धेमुर्धेच शुद्ध असते, ते गटारात सोडले जाते आणि टाकी भरली की तिच्यात कुणाला उतरवायचे, हा प्रश्न पुन्हा त्याच जातीपाशी येऊन थांबतो. हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३मध्ये झाले. चुकीची टाकी बांधणे म्हणजे त्या कायद्याच्या भंगाची आगाऊ तरतूद करून ठेवणे होय.

या प्रश्नावर मराठी माणसाने काहीच केले नाही असे मुळीच नाही. अप्पासाहेब पटवर्धनांचे (१८९४–१९७१) नाव साहित्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असलेच तर 'कोकणचे गांधी' एवढ्या बिरुदापुरते. १९३२मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. ब्राह्मण कैद्याला ते देता येत नाही असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी अन्नत्याग केला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपवास सुरू केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी खेड्याला परवडेल असे, मैल्याचे खत करणारे शौचालय घडवले. त्यांच्या कार्याचा वारसा डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर यांनी पुढे नेला. १९६०च्या सुमारास ते देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. लोकांना औषध देऊन पोटाचे आजार थांबत नाहीत, कारण आजाराचे मूळ उघड्यावरच्या मैल्यात आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. सुरुवातीला बांधलेली शौचालये पावसात ढासळली. तरी ते थांबले नाहीत. पुढे मैल्यापासून जैववायू देणारे 'मलप्रभा' संयंत्र त्यांनी विकसित केले आणि दशकानुदशके देहू हेच कार्यक्षेत्र मानले. २०१७मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. देहू म्हटले की आपल्याला अभंग आठवतात, ते योग्यच आहे. पण इंद्रायणीच्या काठी विसाव्या शतकात आणखी एक निष्ठा अशी नांदली, हे मराठीच्या वर्गात सांगायला हरकत नसावी.

अलीकडचे उदाहरण नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्याचे. तिथल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे बंद केली. त्यामुळे डास कमी झाले आणि 'मॅजिक पिट' या नावाने तो नमुना राज्यभर गेला. सुमारे चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा, त्यात भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड, वर झाकण. खर्च काही हजारांत, आणि मजुरी रोजगार हमीतून. उपाय स्वस्त, साधा आणि खरा आहे. पण तोच आराखडा जसाच्या तसा टोकावड्याला लावला, तर काय होईल? जिथे पावसाळ्यात खाचरे तुडुंब असतात आणि भूजल जवळजवळ जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत येते, तिथे चार फूट खोल खड्डा आषाढात स्वतःच विहीर होतो. पाणी जिरत नाही, वर येते. शिवाय कातळात भेगा असतील तर न गाळलेले पाणी थेट शेजारच्या विहिरीत जाते. म्हणून इथे खड्ड्यापेक्षा उथळ, उंच वाफा बरा. आधी चरबी आणि खरकटे अडवणारी छोटी टाकी, मग वाळू-खडीच्या थरात लावलेली कर्दळ, लव्हाळे, पाणकणीस, मग केळीची नाहीतर भाजीची परसबाग. वाड्या जिथे दाट आहेत तिथे दहा-वीस घरांना मिळून असा एक वाफा. विहिरीपासून शौचालयाचा खड्डा किमान दहा-पंधरा मीटर दूर. हे सारे शास्त्र साधे आहे, पण ते जागेला विचारून करावे लागते. शासकीय आराखडा जागेला विचारत नाही. त्याला उद्दिष्टाचा आकडा आणि छायाचित्र पुरते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. कारखाने नद्यांत रसायने सोडतात, शहरे मैला सोडतात, तिथे कुणी बोलत नाही आणि खेड्यातल्या चार मोऱ्यांचे पाणी तुम्हाला खुपते. आक्षेपात तथ्य आहे. काळू टिटवाळ्यावरून पुढे कल्याणनजीक उल्हास नदीला मिळते, आणि उल्हासची जी अवस्था झाली आहे ती टोकावड्याने केलेली नाही. परंतु खेड्याचा प्रश्न नदीच्या प्रदूषणापुरता नाही. तो आधी त्या खेड्यातल्या लहान मुलाच्या जुलाबाचा, डासांच्या तापाचा, पाड्याच्या विहिरीचा आहे. शहरातल्या पाण्याला निदान शुद्धीकरण केंद्राचे नाव तरी आहे, पाड्यावरचा माणूस ओढ्याचे पाणी तसेच पितो. आणि दुसरे असे की, खेड्यातली गोष्ट आज थोड्या पैशांत होण्याजोगी आहे. सिमेंटच्या गटारांचे जाळे एकदा पक्के झाले की मग त्याच्या टोकाला यंत्र बसवावे लागेल, त्याला वीज लागेल, ऑपरेटर लागेल, आणि छोट्या ग्रामपंचायतीला त्या यंत्राचे वीजबिल परवडणार नाही. यंत्र गंजेल आणि गटार वाहत राहील.

पैशाचेही बोलले पाहिजे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला, स्वच्छ भारत अभियानाच्या २०२०पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्याचा स्पष्ट समावेश झाला. म्हणजे पैसा अगदीच नव्हता असे नाही, दृष्टी नव्हती. आणि तरीही मला वाटते की शहापूर-मुरबाडच्या बाबतीत एक वेगळा हिशेब मांडायला हवा. या तालुक्यांनी शतकाहून अधिक काळ महानगरांना पाणी दिले, जमिनी दिल्या. जे शहर इथले पाणी पिते, त्याच्या पाणीपट्टीतला लहानसा वाटा या गावांच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेला मिळावा, ही मागणी उपकाराची नाही. ती देण्याघेण्यातली आहे. आणि कोणतीही नळयोजना, तिच्या पाण्याच्या जाण्याची सोय झाल्याखेरीज, पूर्ण झाली असे कागदावर लिहू नये. नळाइतकाच निचरा हा योजनेचा भाग असावा.

साहित्याच्या अध्यापकाने या विषयावर का बोलावे, असे कुणी विचारील. दरवर्षी आपण ॲरिस्टॉटलची कॅथार्सिसची कल्पना शिकवतो आणि तिला विरेचन म्हणतो, निचरा म्हणतो. मनाच्या निचऱ्याविषयी इतके बारकाईने बोलणाऱ्या आपण वस्तीच्या निचऱ्याविषयी मात्र गप्प राहिलो. १९७०मध्ये आलेल्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाने ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या वेठीकडे मराठी वाचकाला पाहायला लावले. वेठ तेव्हाही डोळ्यांसमोर होती, पण ती लिहिली गेल्यावर न पाहिल्यासारखे करणे अवघड झाले. सांडपाण्याच्या बाबतीत तेवढे तरी आपल्याला करता येईल. आपल्या महाविद्यालयांत पाड्यांवरून येणारी मुले-मुली आहेत. मोरीचे पाणी कुठून कुठे जाते, कुणाच्या दारातून जाते, पावसात त्याचे काय होते, त्याला घरात काय म्हणतात, एवढे प्रत्येकाने आपापल्या वस्तीपुरते लिहिले, तरी एक दस्तऐवज तयार होईल. बोलीचा अभ्यास म्हणून तो उपयोगी पडेल आणि ग्रामसभेत वाचून दाखवायलाही. ग्रामसभेत वाचलेला कागद ग्रामपंचायत अधिकाऱ्याला नोंदवून घ्यावा लागतो. शोधनिबंधाच्या नशिबी सहसा एवढेही नसते.